एक पळी रस्सा

मी एक जुने, जाड बुडाचे मटणाचे पातेले आहे. मित्रांनो, माझ्या काठाला पोचा आहे आणि एक कडी सैल झाली आहे. आज मी माळ्यावर पालथे पडून आहे. तिथे मला कोणी आणि का ठेवले, ते सांगते.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. धातूची चकती साच्यात दाबून मला आकार दिला आणि फिरत्या चाकावर धरून घासले. मी इतके चकचकीत झाले होते की कामगाराने माझ्यात बघून स्वतःचा भांग नीट केला.

मला घेतले ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिला मी आईच म्हणते, कारण घरात तिला सगळे तेच म्हणत. बाबा गॅरेजमध्ये मिस्त्री होते. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला सगळे चिमी म्हणत. दर रविवारी माझ्यात मटण शिजे. नळी चिमीची, हे ठरलेले होते. बाबा ती ताटावर आपटून आतला गर तिला काढून देत. शेजारी कार्य निघाले की माझी मागणी होई. "तुमचंच पातेलं द्या हो, आमच्यात बुडाला लागतं," असे शेजारीण म्हणाली की मला बरे वाटे.

शिक्षण संपल्यावर चिमीला अंडी उबवणाऱ्या केंद्रात नोकरी लागली. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले हातात घ्यायची, माद्या एका क्रेटमध्ये टाकायच्या आणि नर दुसऱ्यात. नर अंडी देत नाहीत, म्हणून दुसरा क्रेट लगेच रिकामा होऊन परत येई. तो कुठे रिकामा होतो, हे तिने एकदा जाऊन पाहिले: तिथे ती पिल्ले मारून टाकत.

तिने नोकरी सोडली. मग अंडी सोडली, मटण सोडले. पुढे दुधासाठी आईपासून तोडलेल्या वासरांविषयी वाचले आणि दूधही सोडले.

"दूध पण नाही? मग चहा?" बाबांनी विचारले.

"कोरा."

"कोरा चहा माणूस ताप आल्यावर पितो."

"अहो, राहू द्या की तिला," आई म्हणाली.

"राहू दे. पण जगणार कशावर, हवेवर?"

"डाळी आहेत, शेंगदाणे आहेत, बाबा. हवेवर तुमचे टायर चालतात."

बाबा हसले. चिमीने स्टीलचे एक लहान पातेले विकत आणले आणि माझ्याशेजारी ठेवले. "आई, माझं यात कर. यात दुसरं काही पडू देऊ नकोस. एवढंच मागते."

"बरं बाई," आई म्हणाली. त्या दोन शब्दांच्या भरवशावर चिमी त्या घरात जेवू लागली.

पावसाळ्यात ती तापाने आडवी झाली. बरी झाली तरी चेहरा उतरलेलाच होता. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या दिल्या. चिमी त्या नेमाने घेत होती, पण आईचा गोळ्यांवर विश्वास नव्हता. त्यात आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण; तिच्यापुढे घरात कोणी बोलत नसे.

"अगं, पोरीची हाडं दिसायला लागली. डाळीत एक पळी रस्सा टाकत जा. तिला कळतंय थोडंच!"

पुढच्या रविवारी आईने माझ्यातला रस्सा पातळ फडक्यातून गाळला आणि एक पळी स्टीलच्या पातेल्यात ओतली. आजाऱ्याला औषध पाजावे तशी ती ओतली.

"आई, आज डाळ मस्त झालीय. काय घातलंस?"

"काही नाही गं. लसूण जरा जास्त पडला."

हळूहळू चिमीच्या गालांवर रंग आला. तो गोळ्यांनी आला की पळीने, हे कोणालाच सांगता येणार नाही. आत्याने मात्र श्रेय घेतले, तेही चिमीच्या देखत. "बघ! मी म्हटलं नव्हतं, एका पळीत काम होतं?"

चिमीने घास खाली ठेवला. "कसली पळी?"

आत्याची नजर माझ्याकडे गेली.

"आई, कधीपासून?"

"तुझ्या तापानंतर. मटण असेल तेव्हाच गं. एक पळीच."

चिमी ओरडली नाही. तिने ताट घासून ठेवले. थोड्याच दिवसांत तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि स्टीलचे पातेले इथेच ठेवून गेली.

मग आईने मला घासले, पुसले आणि माळ्यावर टाकले. तिने स्वतः मटण सोडले, दूधही सोडले. कोऱ्या चहाने तिचे डोके दुखे, तरी ती तोच पिई. बाबा बाहेर खाऊन येऊ लागले. माळ्यावरून मला फोनवरचे बोलणे ऐकू येई.

"मी पण सोडलं गं सगळं. खरंच."

पलीकडचे मला ऐकू येत नसे. आई मात्र म्हणे, "नाही गं, तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत."

एका सुट्टीच्या दिवशी चिमी घरी आली. आईने नवे कोरे पातेले आणले होते. तिने तेलाची पिशवी चिमीसमोर फोडली, मसाल्याचे डबे उघडून दाखवले आणि तिला शेजारी उभे करून भाजी केली. चिमीने सगळे पाहिले आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला.

"दोन घास तरी घे."

"भूक नाही गं फार. माझ्यापुरतं आणलंय."

"माझ्यावर राग आहे तुझा?"

"राग नाही, आई. राग असता तर बरं झालं असतं. तुझ्या हातचा घास आता घशाखाली उतरत नाही." तिने डब्याच्या झाकणात थोडी भाजी काढून पुढे केली. "तू खा."

त्यात काय आहे, हे न विचारता आईने ती खाल्ली.

त्यानंतर चिमी येते, पण दोन जेवणांच्या मधल्या वेळेत येते. आई तरीही तिच्या वाटणीची भाजी करते आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शिळी खाते. याला आता वर्षे लोटली आहेत, आणि ते बदलेल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, भांडी घासून ठेवा, आदळू नका, हे मी सांगणारच होते. पण त्याहून महत्त्वाचे एक सांगते. ज्याला वाढता, त्याला आधी सांगून वाढा. प्रेम असले तरी सांगा. नंतर सांगून उपयोग होत नाही. आईने नंतर सगळे सांगून पाहिले.