उजव्या दाराचं हँडल

आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी घेते. हिरासिंग. घेतलं, आभाळ काही पडलं नाही. तर या हिरासिंगनं सारी जिनगी वणीच्या खदानीवर कोळशाचा ट्रक चालवला, अन् उजव्या पायाचा खुबा गेला तवापासून तो आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात बाजेवर बसून रस्त्याकडं पाहात राह्यते. मले ते पाहवत नव्हतं. म्हनून मी गाडी घेतली.

गाडी म्हंजे एका शाळेची जुनी मिनीबस. मांगच्या सिटा काढून तिथं घर करायचं ठरवलं. झोपाले दिवाण, चहाले शेगडी, पान्याची टाकी. कुठं जायचं तेही ठरवलं होतं. आमचे जुने लोक बैलांवर मीठ लादून आनत, लदेणी म्हनत त्या धंद्याले. पिढ्यान् पिढ्या मीठ वाह्यलं, पन ते जिथून येते तो समुद्र आमच्या तांड्यातल्या एकाही मानसानं पाह्यला नाही. समुद्र पाह्याचा राह्यला, हेच म्हनत म्हनत हिरासिंगचा बाप गेला. हिरासिंगनं म्हातारपनी तेच म्हनत बसावं, हे मले मंजूर नव्हतं.

गाडी दारात आली अन् आमच्या राजकुमारचं तोंड पडलं. पोरगा मास्तर हाय, चांगला हाय, पन लोकाले लय भेते. आमच्यात आईले याडी म्हनतात. तो म्हने, "याडी, एका जागी घर बांधाले आपल्याले तीन पिढ्या लागल्या. फिरस्ते म्हनायचं लोकानं आता कुठं बंद केलं. अन् तू मास्तरच्या बापाले चाकावर घेऊन निघाली."

"घर सोडून नाही निघाली," मी म्हनलं, "संगं घेऊन निघाली."

बाहेरून हा भलामोठा दगड आनून त्यानं पुढच्या चाकाखाली लावला. बा आपल्या हातापायानं गाडीत चढले तर मी माझ्या हातानं दगड काढतो म्हने, नाही तर गाडी भंगारात जाईन. त्याले मालूम होतं का हिरासिंगले कोनी उचललेलं चालत नाही. चार जनांच्या खांद्यावर मी एकदाच जाईन, असं बुढ्यानं साऱ्या तांड्याले सांगून ठेवेल हाय. म्हंजे पोरानं अट घातली ती बरोबर दुखत्या जागेवर. मी बी म्हनलं, ठीक हाय, पाहू.

मंग यवतमाळले गेली सामान घ्याले. दुकानदार मले निळे लाइट दाखवे, बटन दाबलं का उघडनारी छत्री दाखवे. मी म्हनलं, बावा, लग्नाची वरात नाही न्यायची, संसार न्यायचा हाय. आमच्या रस्त्यावर उघडनार नाही असी कपाटाची कडी दे. त्यानं चकचकीत कडी काढली. चार झटके देल्ले, का उघडली. ती तिथंच ठेवली अन् ट्रॉलीच्या मांगच्या फाळक्याले असते तसी लोखंडी खिटी बसवून घेतली. नळ मात्र त्याच्याकडचा पायानं दाबायचा घेतला, पाय उचलला का पानी बंद. अन् एक घडीचं पायदान घेतलं. दिग्रसच्या इंद्रजित वेल्डरनं ते डाव्या दाराले बसवून देल्लं. डावीकडं काहून, तर हिरासिंग माझ्या बाजूले बसनार अन् गाडी मी चालवनार. ट्रॅक्टर मी कवाची चालवते, अन् या गाडीसाठी लायसनही काढलं.

पायदान बसलं त्या दिवशी सारा तांडा पाह्याले जमला. हिरासिंग काठी टेकत आला, डाव्या दारापाशी थांबला, पायदानाकडं पाह्यलं. मंग म्हने, "मी क्लीनरच्या बाजूनं चढत नसतो."

लोक हासले. मले असा राग आला म्हनता. एवढं सारं कोनासाठी करून राह्यली मी? खुबा गेला पन डायवरकीची मिजास नाही गेली, असं मी त्याले सगळ्याच्या समोर सुनावलं. मंग त्यानं पाय टाकून पाह्यला. उजवा पाय पायदानावर ठेवला, अंग वर घेतलं, अन् खुब्यानं दगा देल्ला. राजकुमार धराले धावला तर त्याच्या अंगावर काठी उगारली. बुढा बाजेवर जाऊन बसला अन् भिताडाकडं तोंड केलं. राजकुमार म्हने, "याडी, बजाराच्या दिवशी भंगारवाल्याले बोलावतो."

  रातभर बुढ्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात घोळे. क्लीनरच्या बाजूनं चढत नसतो. मिजास म्हनावं तर मंग पाय कायले टाकून पाह्यला त्यानं?

सकाळी मी ओढनी घेतली, तुरीची जाडी काडी घेतली, अन् आपला उजवा पाय त्या काडीले कचकचून बांधला. गुडघा वाकला नाही पायजे. मंग डाव्या दारातून चढून पाह्यलं. आमची बिजलीबाई शेजारीन पानी भराले चालली होती, तिनं घागर खाली ठेवली अन् पोट धरधरून हासली. बुढी येडी झाली म्हने. मी म्हनलं, हास. डाव्या दारातून मले काही चढता येईना, कारन तिकडून सीटवर बसाले पयला पाय उजवाच टाका लागते. मंग तंगडी फरफटत उजव्या दाराकडं गेली. तिकडून पयला पाय डावा. डाव्यावर भार, उजव्या हातानं दाराचा खांब धरला, अंग वर ओढलं, अन् बांधलेला पाय मांगून आपोआप आत आला. मी डायवरच्या सीटवर बसून होती. मिजास नव्हती ती बापा. आयुष्यभर जसं चढला तेच त्याचं अंग मले सांगून राह्यलं होतं, अन् मी त्याले सगळ्याच्या समोर टाकून बोलली.

त्याच दिवशी वणीले गेली. भंगारात जुन्या ट्रकांच्या केबिनी पडेल असतात, त्यातल्या एकीचं हँडल घेतलं, खालचं पायदानही घेतलं. हँडल धरून धरून मधात गुळगुळीत झालेलं, कोन्या डायवरच्या हातानं झालं कोन जाने. इंद्रजित म्हने, काकू, नवीन मिळते, स्टीलचं. मी म्हनलं, हेच लाव, अन् उजव्या दाराले लाव. दोन्ही सिटांच्या मधात इंजिनाचं झाकन असते, त्यावर मी आरशाच्या कामाची जाड गादी शिवून टाकली, म्हंजे बसल्या बसल्या सरकता येते.

बजाराचा दिवस उगवला. राजकुमार हात मांगं बांधून उभा. तांडा पुन्हा जमला. हिरासिंग आला तो सरळ उजव्या दाराकडं, मी सांगाच्या आधी. हँडल पाह्यलं. त्यावरून हात फिरवला. काठी मले देल्ली, डावा पाय ठेवला, हँडल धरलं, अन् ज्या मानसाले बाजेवरून उठाले दोन डाव लागत, तो एका झटक्यात वर गेला.

 हिरासिंगनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले अन् पुढच्या काचेतून पाहात राह्यला. त्याचे डोळे भरले. माहे बी भरले, लपवाचं काय त्यात. मंग त्यानं उजव्या पायानं ब्रेक दाबून पाह्यला. दबला नाही. ते मले दिसलं, अन् मले दिसलं हे त्याले दिसलं.

मी पायदानावर चढली. मंग म्हनलं,

"सरका. क्लीनरच्या बाजूले."

उभ्या जिनगीत त्या बाजूले न बसलेला मानूस. त्यानं एकडाव माझ्याकडं पाह्यलं अन् गादीवरून हळूहळू तिकडं सरकला. बसला, खिडकीतून बाहेर हात काढला अन् क्लीनर मारतात तसी पत्र्यावर दोनदा थाप मारली. जाऊ दे म्हनून.

मी चाबी फिरवली. गाडी गुरगुरली, हलली नाही. मी काचेतून खाली पाह्यलं. राजकुमार मास्तर, इस्त्रीच्या कपड्यात, मातीत गुडघे टेकून चाकाखालचा दगड काढत होता.