दुसरी थप्पड

उमा पाठकबाईंच्या उजव्या हाताला रांजणगावच्या त्या शाळेत हेडमास्तरांपेक्षा जास्त मान होता. दरवर्षी नववीला गतीचे नियम सुरू झाले, की तिसऱ्या नियमाच्या तासाला बाई कुणातरी एकाला पुढं बोलवायच्या आणि अख्ख्या वर्गासमोर खाडकन थोबाडीत द्यायच्या. मग विचारायच्या, "जास्त कुणाला लागलं?" पोर गाल धरून म्हणायचं, "मला." बाई आपला लाल झालेला तळवा वर्गाला दाखवायच्या. "चूक. मी जेवढ्या जोरानं मारलं, तेवढ्याच जोरानं त्याच्या गालानं माझ्या हाताला मारलं. क्रिया आणि प्रतिक्रिया. लिहून घ्या."

बावीस वर्षं हा प्रयोग बिनबोभाट चालू होता. वाळूजच्या कारखान्यांत सुपरवायझर झालेले बाप्ये भर बाजारात बाईंच्या पाया पडून सांगायचे, "बाई, बाकी सगळं विसरलो, पण तिसरा नियम मरेपर्यंत विसरणार नाही." बाईंची छाती फुगायची. मुलांना मारायचं नाही असं परिपत्रक आलं, तेव्हा त्यांनी त्यावर सही ठोकली आणि स्टाफरूममध्ये सुनावलं, "ही शिक्षा नाही, प्रयोग आहे." हेडमास्तरांनी मान डोलावली. त्या हाताशी वाद कोण घालणार?

पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला ते हे साल. निम्मा ऑगस्ट सरला तरी जमिनीवर थेंब नव्हता. कन्नडकडची, पैठणकडची माणसं वाळूजच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहिली होती आणि नववीच्या एका वर्गात बहात्तर पोरं कोंबली होती. मधल्या सुट्टीत बाटलीभर पाण्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. दोन दिवसांपूर्वीच बाईंनी दोघांना मानगूट धरून सोडवलं होतं. एकाचं बोट दुसऱ्याच्या दातांत होतं आणि सोडवल्यावर दोघांनाही बाईंनी वरून बडवलं होतं. खुद्द बाई शहरातल्या ज्योतीनगरहून अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून स्कूटीवर धुळीतून यायच्या आणि येतानाच त्यांचं डोकं तापलेलं असायचं.

त्याच वर्गातली संस्कृती कन्नडकडच्या पिशोरची. विहीर आटल्यावर बाप रामकिसन इथं कंपनीत कंत्राटावर लागला आणि आई मनकर्णाबाई नव्या इमारतींवर विटा वाहू लागली. पोरगी मात्र भलतीच हुशार निघाली. बाकीचे उत्तरं पाठ करायचे, ही प्रश्न विचारायची. बाईंना ती मनापासून आवडायची, आणि म्हणूनच यंदा त्यांनी प्रयोगाला तिला बोलावलं. बाईंच्या लेखी तो मानच होता.

खाडकन आवाज झाला. "जास्त कुणाला लागलं?"

"सारखंच, बाई," संस्कृती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज हलला नव्हता. बाईंना आनंद झाला. एवढ्यात ती पुढं म्हणाली, "पण बाई, जोर सारखाच असंल तर दरवर्षी तुम्हीच कामून मारता? मी तुम्हाला मारलं तरी तेच निघंल की."

वर्ग फुटला. सगळी पोरं बाकं बडवून हसली.

प्रश्न बिनतोड होता. बावीस वर्षांत तो कुणाला सुचला नव्हता, बाईंनाही नाही. ही शाबासकी द्यायची वेळ होती आणि शाबास हा शब्द बाईंच्या ओठांवर आलाही होता. पण हात आधी पोचला.

पहिल्या थपडीचा आवाज कडक आला होता. दुसरीचा दबका आला, डब्याचं झाकण बसल्यासारखा. संस्कृती जागच्या जागी खाली बसली आणि तिनं डावा कान दोन्ही हातांनी दाबून धरला. हसू एकदम थांबलं. "लिहून घ्या," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी निमूट लिहून घेतलं.

त्यानंतर चार दिवस ती शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिच्या शेजारी बसणारी पोरगी बाईंजवळ येऊन कुजबुजली, "बाई, तिच्या कानातून रगात आलं. आता पू येतोय. घरी तिनं नळावर पडले म्हणून सांगितलंय."

बाईंना डबा गेला नाही. काय झालंय ते त्यांना कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळलं होतं. खोलगट तळवा कानावर बसला की आतली हवा कोंडते, दाब वाढतो आणि पातळ पडदा फाटतो. दाबाचा धडा त्याच शिकवायच्या. पहिली थप्पड प्रयोगाची होती, असं त्या अजूनही स्वतःला बजावू शकत होत्या. दुसरी निव्वळ रागाची होती, एका लेकरानं आपल्याला वर्गासमोर उघडं पाडलं म्हणून मारलेली. त्यांना स्वतःची शिसारी आली. शाळा सुटताच त्या निघाल्या. पोरीला आजच्या आज कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं आणि तिच्या आईसमोर खरं ते कबूल करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

वस्तीत शिरल्या तेव्हा नुकताच टँकर आला होता. बायका पाइपासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. एकीनं दुसरीच्या डोक्यात हंडा घातला आणि रक्ताची धार पदरावर उतरली, तरी त्या दुसरीनं पाइप सोडला नाही. त्या गर्दीतून मनकर्णाबाई बाहेर आली. ब्लाउजची बाही फाटलेली, मनगटावर नखांचे ओरखडे, एका हातात भरलेली कळशी आणि दुसऱ्या हातात ड्रम भरायच्या नळीचा हातभर तुकडा. दारात बाई उभ्या दिसताच तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाई, तुम्ही? आमच्या दारात?"

संस्कृती कानात कापूस घालून उंबऱ्यात बसली होती. ती उठून उभी राहिली.

"मनकर्णाबाई, मी सांगायला आले," बाईंनी सुरुवात केली. "ती नळावर पडली नाही. मी मारलं तिला. वर्गात ती..."

"तुम्ही मारलं?" मनकर्णाबाईनं कळशी आदळली. "अन् ही भवानी मला म्हणती पडले! काय केलंस गं शाळंत? बाईंला घरी यावं लागलं, इतकं काय केलंस?"

नळी सपकन पोरीच्या पाठीवर बसली. मग दंडावर, मग पोटरीवर. संस्कृती ओरडली नाही, फक्त डावा कान वाचवत गोल फिरत राहिली.

"थांबा! तिची चूक नाही," बाई किंचाळल्या. पण टँकरच्या कालव्यात ते कुणाला ऐकू जाणार? मनकर्णाबाई मारत होती आणि प्रत्येक फटक्यानंतर बाईंकडं बघत होती. "बघा बाई, मी सोडत नाय तिला. अजून मारते. बघा." पुढचा फटका मानेवर बसला आणि कापूस गळून खाली पडला.

बाईंनी तिचा हात धरायला म्हणून हात उचलला. धरायचा होता, हे अगदी खरं. पण बावीस वर्षांची सवय त्या हाताला. खाडकन मनकर्णाबाईच्या थोबाडीत बसली.

नळी खाली पडली. आजूबाजूच्या बायका हंडे तसेच धरून बघत राहिल्या. मनकर्णाबाईनं गालावर हात ठेवला नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडले.

"चुकलं, बाई. काय ते मला मारा. पण हिचं नाव काढू नका शाळंतून. तेवढ्यासाठी तर गाव सोडलं आम्ही."

तेव्हा कुठं बाईंच्या ध्यानात आलं. मास्तर दारात येतो तो नाव कमी केल्याचं सांगायलाच, एवढंच मनकर्णाबाईला ठाऊक होतं. पोरीला आम्ही धाकात ठेवतो, तिला राहू द्या, हे दाखवायला ती मारत होती. मघापासूनचा प्रत्येक फटका बाईंनी बघावा म्हणून मारलेला होता.

"मी नाव काढायला नाही आले हो," बाई म्हणाल्या. "तिचा कान फाटलाय. माझ्या हातानं फाटलाय. तिनं बरोबर प्रश्न विचारला आणि मी तिला मारलं. दवाखान्यात न्यायला आले मी."

मनकर्णाबाईनं आधी बाईंकडं पाहिलं, मग पोरीच्या मानेवर उठलेल्या वळाकडं.

"मग अगुदर सांगायचं ना, बाई," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवायला लागली. संस्कृतीनं धावत जाऊन तिची मनगटं धरली. "बास, आई. बास कर." मायलेकी तशाच उभ्या राहिल्या. बाईंना त्यांच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

बाईंनी स्कूटी वळवून सुरू केली. संस्कृती जवळ आली, सीटकडं बघून थबकली आणि बाजूला सरकली. तिनं आईला बाईंच्या मागं बसवलं आणि स्वतः आईच्याही मागं जाऊन बसली. जिनं आत्ता नळीनं मारलं होतं त्या आईच्याच पाठीवर तिनं गाल टेकला.

"संस्कृती, नीट बसलीस का?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

उत्तर मनकर्णाबाईनं दिलं. "बसली, बाई. चला."

पोरीला ऐकूच आलं नव्हतं, की बाईंशी बोलायचंच नव्हतं, हे परत विचारायची उमाबाईंची छाती झाली नाही.