कुंकू ठसठशीत हवं

लक्ष्मीकांत करंदीकरांचा कॅमेरा म्हणजे हट्टी म्हातारा! डोळा लावला की मधोमध एक पिवळट चौकट दिसायची आणि तिच्यात समोरचा माणूस दोनदा. रिंग फिरवत दोन्ही प्रतिमा एकावर एक बसवल्या की फोटो स्पष्ट यायचा. पण चौकट आता इतकी अंधुक झाली होती की नाक-डोळे म्हणाल तर कळायचेच नाहीत. कळायचं ते फक्त कुंकू. म्हणून लखनऊच्या मराठी मंडळात गणपतीला बायका आपण होऊन ठसठशीत कुंकू लावून यायच्या, आणि पुरुषांनासुद्धा हा गृहस्थ कपाळी गंध ओढायला लावायचा. "कुंकू दिसेना गं, मोठं लाव!" ही आरोळी ठरलेलीच. त्यांची एकुलती एक लेक जुई या आरोळीवरच लहानाची मोठी झाली. तिच्या लग्नात भटजींना थांबवून बापाने ती ठोकली, तेव्हा जावई समीर पोट धरून हसला होता.

ब्याण्णव साली, होळी झाली आणि तो समीर स्कूटरच्या अपघातात गेला. जुई माहेरी आली ती खोलीबाहेर पडेना. समीरच्या बँकेत तिला नोकरी मिळणार होती. अर्जाला फोटो हवा होता, तोही सोमवारच्या आत.

"अमीनाबादला स्टुडिओत जाऊन ये ना गं," तिची आई लता म्हणाली.

"नहीं जाना, आई. परक्या माणसापुढे हे कपाळ घेऊन कशी बसू?"

"मग मी काढतो की," लक्ष्मीकांत म्हणाले. पोरीचा संसार काही त्यांना वाचवता आला नव्हता. निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्यांना फार वाटलं.

अंगणात चुन्याच्या भिंतीपाशी जुई बसली, फिकट साडीत. लक्ष्मीकांतांनी डोळा लावला. पांढऱ्यात पांढरं! रिंग इकडे फिरवली, तिकडे फिरवली, काही केल्या बसेना. घाम डोळ्यांत उतरला. आणि जित्याची खोड, दुसरं काय? तोंडातून निघूनच गेलं.

"कुंकू दिसेना गं, मोठं लाव!"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं लक्ष्मीकांतांना झालं. कॅमेरा खाली घ्यायचा धीर होईना. घेतला तर लेकीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

जुई उठून आत गेली. संपलं, त्यांना वाटलं. पण ती परत आली, देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन. बोट बुडवून तिने कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं.

"बघा आता, बाबा."

चौकटीत दोन कुंकवं उमटली. रिंग फिरली तशी ती जवळ आली आणि एक झाली.

"बसलं?"

"बसलं, बाळ."

"मग आता हलू नका." तिने पदराने कपाळ पुसलं. "हं. काढा."

बापाने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच रोल घेऊन अमीनाबादला गेले. काळा-पांढरा फोटो असा लख्ख आला होता की पापणीचा केस न् केस मोजावा. फक्त कपाळावर एक पुसटसा फराटा राहिला होता.

"बाबूजी, माथे पर दाग आ गया है," स्टुडिओवाला म्हणाला. "साफ कर दूँ?"

लक्ष्मीकांतांनी फोटो घाईने त्याच्या हातातून काढून घेतला.

"नहीं भैया," ते म्हणाले. "इतना तो रहने दो."