दिवस न बुडणाऱ्या गावची पाहुणी

समडोळीच्या ब्राह्मी पाटीलला चाली चटकन सुचत, पण शब्द लिहायला बसली की हटकून चंद्र, नौका आणि किनारा येत. सांगलीच्या संगीत व्यवसाय शिक्षण केंद्रात गीतलेखन शिकवणारे सरफराज सर एकदा म्हणाले, "ब्राह्मी, समडोळीला समुद्र कधी आला गं?" वर्ग हसला, तीही हसली. पण घरी जाताना एसटीत तिला ते चांगलंच लागलं.

जानेवारीत फिनलंडच्या अगदी उत्तरेकडच्या एका संगीत विद्यालयातले विद्यार्थी केंद्रात आले. तिकडच्या एकाने आणि इकडच्या एकाने मिळून एक गाणं रचायचं आणि शेवटच्या दिवशी सांगलीच्या सभागृहात म्हणायचं, असं ठरलं होतं. तिकडचे लोक ते पडद्यावर पाहणार होते. ब्राह्मीच्या जोडीला हेल्मी आली. आपल्याच वयाची कुणी पोरगी येईल असं ब्राह्मीला वाटलं होतं. हेल्मी निघाली पंचेचाळिशीची. अर्धं आयुष्य बस चालवून झाल्यावर आता गाणी करायला शिकू, म्हणून तिने विद्यालयात नाव घातलं होतं. तिची राहायची सोय ब्राह्मीच्याच घरी झाली.

अंगणात हळद वाळत पडली होती. हेल्मी तिच्या कडेला उन्हात बसली ती उठेचना. सूर्य कलला तशी ब्राह्मीची आई गुणमाला दारात आली. जैनाचं घर, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची रीत. तिने नेहमीसारखी लांबलचक हाक घातली, "ब्राह्मीऽऽ, दिवस बुडाला गंऽऽ."

ताटावर गुणमालाने लेकीला सांगितलं, "त्यांना इचार, त्यांच्याकडं दिवस कवा बुडतो?"

हेल्मीचं इंग्रजी बेताचं, ब्राह्मीचंही तसंच. पण उत्तर कळलं. "ती म्हणते, उन्हाळ्यात बुडतच नाही. रात्रभर ऊन असतं."

ब्राह्मीचे वडील पायगोंडा यांनी घास हातात धरून विचार केला. "मग ह्यांनी उन्हाळाभर जेवतच ऱ्हायाचं का?"

"आणि हिवाळ्यात उगवतच नाही," ब्राह्मी म्हणाली.

"आगं बाई," गुणमाला म्हणाली, "मग जेवायचं कवा?" आणि तिने पाहुणीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. जणू इतक्या वर्षांची भूक आजच भागवायची होती.

गाणं मात्र काही जमेना. हेल्मीकडे गिटार होती, ब्राह्मीकडे पेटी. दोघी केंद्रात बसून दोन देश, एक सूर, हातात हात असलं काहीतरी जुळवत राहिल्या. सरफराज सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट नाही," ते म्हणाले. "बँकेच्या जाहिरातीला चालेल."

त्या दिवशी दोघी हिरमुसून घरी आल्या. हेल्मी ओट्यावर गिटार घेऊन बसली. ब्राह्मी रानाकडे पाय मोकळे करायला गेली. आणि दारातून हाक आली, "ब्राह्मीऽऽ, दिवस बुडाला गंऽऽ."

हेल्मीने मान वर केली. गिटारवर तिने ते चार सूर शोधले, मग पुन्हा वाजवले. ब्राह्मी परत आली तर ओट्यावरून तिच्या आईची हाक तारांतून येत होती.

"आईला अजून विचार," हेल्मी म्हणाली. "तिला जे जे विचारायचं असेल ते."

गुणमाला आधी लाजली. "माज्या बोलण्याचं गाणं कसलं?" पण प्रश्न तिच्याकडे भरपूर होते. उन्हाळ्यात पाखरं निजतात कवा? लेकरं खेळायची थांबतात कवा? हेल्मी उत्तरं देई, ब्राह्मी ती मराठीत आणी, आणि सुचलेली ओळ लगेच म्हणून बघे. शेवटी गुणमालाने विचारलं, "आणि हिवाळ्यात दिवसच न्हाई, तर वाट कुणाची बघायची?"

हेल्मीने गिटार बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी पहाटेची बस चालवायचे. सगळा काळोख असायचा. मी बसमधले दिवे लावायचे, आणि लांबून माणसं त्या उजेडाकडे चालत यायची."

ब्राह्मीने हे सांगितल्यावर गुणमालाने मान डोलावली. "मग त्यांचा दिवस हीच आणायची म्हण की."

ती ओळ ब्राह्मीने जशीच्या तशी ठेवली. तिला आतून कळलं, की हे गाणं आता झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं लांबली, मग पडद्यावरची जोडणी तुटली, ती परत जुळवण्यात वेळ गेला. ब्राह्मी आणि हेल्मीची पाळी यायला ऊन खिडक्यांवरून उतरलं. दोघी मंचावर येऊन बसल्या तोच तिसऱ्या रांगेतून गुणमाला उठली. हातात डबा घेऊन थेट मंचाच्या पायऱ्यांपाशी आली.

"दिवस बुडाया आलाय," ती म्हणाली. "आदी दोन घास खा, मग काय गायचं ते गा."

ब्राह्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सरफराज सरांकडे पाहिलं. सर माईकवर म्हणाले, "मंडळी, पाच मिनिटं. गायिका जेवतायत." सभागृह खदखदून हसलं. मागच्या रांगांतल्या चारदोन जैन घरांनीही आपापले डबे उघडले. मंचावर मांडी घालून दोघींनी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. पडद्यावर फिनलंडची मंडळी डोळे विस्फारून बघत होती. त्यांच्या खिडकीबाहेर भर दुपारी निळसर संधिप्रकाश होता.

मग हेल्मीने ते चार सूर छेडले. ब्राह्मीने आईची हाक घातली, हेल्मीने तिच्या भाषेत उत्तर दिलं. सभागृहाला फिनिशचा एक शब्द येत नव्हता, पण ती हाक कशासाठी असते ते आत्ताच सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या कडव्याला लोक हाकेत सूर मिसळू लागले. बसच्या दिव्यांची ओळ आली तेव्हा मागच्या रांगांतले उघडे डबे तसेच मांडीवर राहिले. शेवटची हाक उठली तेव्हा पडद्यावरची माणसंही "गंऽऽ" म्हणत होती, जरा उशिराने आणि जरा बेसूर. पायगोंडा रुमालाने डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या घरातलंच हाय हे."

हेल्मी परत गेली. फाल्गुनात तिचा फोन आला. विद्यालयाने ब्राह्मीला पुढच्या उन्हाळ्यात तिकडे शिकायला बोलावलं होतं. गुणमालाने सगळं ऐकून घेतलं आणि फोन हातात घेतला.

"पोरीला पाठवतो," ती म्हणाली. "पण तिकडं दिवस बुडणार न्हाई. तिला येळेवर झोपवायचं तुमी."

ब्राह्मीने तेही इंग्रजीत सांगितलं. पलीकडून हेल्मीचं हसू ऐकू आलं, आणि पायगोंडा पेटी बांधायला सुतळी शोधायला लागले.