तोंड उघड

सकाळी सव्वासहा. मुलीनं अजून दात घासलेले नाहीत, कारण दात घासले की काही कळत नाही, असं बाबांचं म्हणणं. सोळा वर्षांची ती मुलगी पलंगाच्या कडेला बसते, मान वर करते, तोंड उघडते. बाबा वाकतात, डोळे मिटतात. दोन लहान श्वास, एक लांब.

"स्वच्छ," ते म्हणतात. "चल, आवर."

स्वयंपाकघरात आईचा जीव भांड्यात पडतो. ती गॅस मोठा करते. दिवस सुरू होतो.

बाबा चहाच्या कंपनीत चाखणारे. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग. चमचाभर घोट फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आणि कुठल्या पेटीला ओल लागली ते सांगायचं. दिवसाला दोनशे वाट्या. कंपनीत त्यांना नाकसाहेब म्हणतात. या नाकासाठी घरात बिनवासाचा साबण, लसूण फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि आईची सेंटची बाटली लग्नाच्या पहिल्याच महिन्यात भावजयीकडे गेलेली.

याच नाकानं गेल्या वर्षी मुलीच्या स्वेटरला लागलेला थिनरचा वास पकडला होता. वर्गातल्या दोघींबरोबर ती रुमालावर थिनर ओतून हुंगायची. मग सहा आठवडे व्यसनमुक्ती केंद्र. लोकांना सांगितलं, आत्याकडे गेलीय, हवापालटाला.

निघताना केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "खरं काम आता घरी आहे. दर गुरुवारी संध्याकाळी पालकांची बैठक असते, दोघंही या. आणि तिच्याशी बोला. पुन्हा पाय घसरला तर ते तिला न घाबरता तुम्हांला सांगता आलं पाहिजे. नाहीतर मुलगी हातची जाईल."

बाबा हसले. "बाई, माझ्या नाकापासून काही लपत नाही."

जिना उतरताना आईनं विचारलं, "जायचं ना गुरुवारी?"

"तिथं आमचा गोदामवाला येतो, पोराला घेऊन. मला बघेल."

"मग तोही तुम्हांला दिसेलच की!"

"तू गप्प बस. तुझ्याच लाडानं ही वेळ आणलीय."

आई गप्प बसली. त्याचा तिला अठरा वर्षांचा सराव होता.

वाचकहो, या बापाला राक्षस ठरवून मोकळे होऊ नका. त्यानं मुलीवर कधी हात उचलला नाही. तिच्यासाठी तो रोज तासभर लवकर उठायचा. त्याला फक्त मुलीशी बोलण्यापेक्षा तिची तपासणी सोपी वाटली. तुमच्याकडे नाक नसेल. दप्तर उचकणं असेल, मोबाइल हिसकावणं असेल.

शिकवणीतल्या एका मैत्रिणीनं परीक्षेच्या धास्तीवर मुलीला झोपेची गोळी दिली. मग दुसरी. गोळीला वास नसतो, हे मुलीला पहिल्याच सकाळी कळलं. ते शिकवलं बाबांनीच.

त्या आठवड्यात बाप-लेकीत झालेलं सगळं बोलणं, एक शब्द न गाळता:

सोमवार.
"तोंड उघड."
"आ."
"स्वच्छ."

मंगळवार.
"तोंड उघड."
"आ."
"कांदा?"
"मैत्रिणीच्या डब्यात होता."
"स्वच्छ."

बुधवार.
"बाबा, मला एक सांगायचंय."
"आधी तोंड उघड."
"आ."
"स्वच्छ! शाब्बास, माझी वाघीण! हं, काय म्हणत होतीस?"
"काही नाही."

बुधवारी संध्याकाळी ती आईजवळ जाऊन उभी राहिली. आई भांडी विसळत होती.

"आई, उद्या गुरुवार. तू तरी चल ना माझ्याबरोबर."

"बाबांना विचारते."

"त्यांना नको विचारूस. तूच चल."

"असं कसं गं? रोज स्वच्छ निघतेयस ना? मग कशाला नसतं चव्हाट्यावर आणायचं?"

मुलगी हसली. आईला वाटलं, पटलं हिला.

गुरुवार.
"तोंड उघड."
"आ."
"स्वच्छ."

दुपारी तीनला ती न्हाणीघरात पडलेली सापडली. श्वास चालू होता, ओठ निळसर.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. "हिनं काही घेतलंय का? गोळ्या, औषध, काहीही?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "मी आज सकाळीच तपासलीय."

"तपासलीय म्हणजे?"

"वीस वर्षं नाकावर पोट भरतोय, डॉक्टर. ही स्वच्छ आहे. उपाशीपोटी भोवळ आली असेल."

आवाज ठाम होता. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. आई भिंतीला टेकून उभी. गादीखाली सापडलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट तिनं स्वतःच्या हातानं केराच्या तळाशी दडपलं होतं. नवऱ्याला कळलं असतं तर? शेजारणीला दिसलं असतं तर?

पाच मिनिटं. दहा. पंचवीस.

"गोळ्या," आई म्हणाली. "गोळ्या घेतल्यात तिनं."

सगळे धावले. नर्सनं नळी हातात घेता घेता विचारलं, "तुम्हांला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे, बाई."

सहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी गेली. लोकांना सांगितलं, मेंदूचा ताप.

महिन्याभरानं एका रविवारी दार वाजलं. कंपनीतला पॅकिंगचा मुकादम उभा होता. त्यानं चौदा-पंधरा वर्षांच्या आपल्या मुलीचं मनगट धरलं होतं.

"साहेब, तुमच्या दुःखात त्रास देतोय. पण तुमच्या नाकाला तोड नाही. ही सिगारेट ओढते, असा मला वहीम आहे. जरा बघता?"

बाबा खुर्चीतून उठले. सवयीनं दारापर्यंत आले आणि वाकू लागले. मुलीनं तोंड घट्ट मिटलं.

आई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"माझी मुलगी तापानं गेली नाही," ती मोठ्यानं म्हणाली. समोरचं दार किलकिलं झालं, तरी तिनं आवाज उतरवला नाही. "गोळ्यांनी गेली. हे रोज वास घ्यायचे, मी रोज आतून ऐकायचे. ती सांगायला आली, तेव्हा आम्ही दोघंही बहिरे होतो."

"अगं, लोक ऐकतायत," बाबा पुटपुटले.

"ऐकू देत."

मुकादम ओशाळून हसला. "वहिनी, आमच्या पोरीचं काही तसं नाही हो."

"मीही हेच म्हणायचे." आई मुलीकडे वळली. "तुला बाबांना काही सांगायचंय का गं?"

मुलीनं बापाकडे पाहिलं.

"सांग की," मुकादम म्हणाला. "मी काय खातोय तुला?"

"मनगट सोडा आधी," आई म्हणाली.