शिजलेल्या भाताचे वजन

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना वजनकाटा आहे. माझी पाठ सपाट, पोटात दोन सेल आणि कपाळावर आकडे दाखवणारी छोटीशी काच. मला तोंड नाही, तरी या घरात मी कौतुक भरपूर ऐकले आणि बोलणीही पोटभर खाल्ली.

कारखान्यात एक चष्मेवाली बाई आम्हा प्रत्येकाच्या पाठीवर पितळी वजने ठेवून पाही. माझा आकडा बरोबर आला तेव्हा ती म्हणाली, "चल, तू खरा!" त्या शब्दांवर मी कितीतरी वर्षे फुशारकीने जगलो.

दुकानातून मला घरी आणले ते एका बसचालक बाईने. आगारात सगळे तिला बसताई म्हणत. तिला केक करायचा भारी नाद. मैदा, साखर, लोणी सगळे माझ्या पाठीवरून जाई. शेजारचे विचारत, "तुमचाच केक असा कसा फुगतो हो?" ती माझ्यावर टिचकी मारून म्हणे, "याला विचारा!"

मग एके वर्षी बसताई एकाएकी वाळली. सारखी तहान, सारखा थकवा. तपासणीत मधुमेह निघाला आणि प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिनचे इंजेक्शन सुरू झाले. मैद्याचा डबा फळीवर मागे गेला. मी मात्र पुढे आलो. जेवणात कर्बोदके किती, ते मोजून इन्सुलिन घ्यायचे, असे दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला शिकवले होते. तिच्या दहा वर्षांच्या लेकीला, चिमणीला, काही ते उमगेना.

"हे बघ," बसताई म्हणाली, "भात खाल्ला, पाव खाल्ला की त्याची साखर होऊन रक्तात येते. ती साखर म्हणजे थांब्यावरचे प्रवासी. इन्सुलिन म्हणजे बस. बस कमी सोडल्या तर थांब्यावर ही गर्दी! आणि जास्त सोडल्या तर?"

"थांबा रिकामा."

"अगदी बरोबर. आणि थांबा रिकामा झाला की तुझ्या आईला घाम फुटतो, हात थरथरतात."

दवाखान्यातून मिळालेला तक्ता माझ्या शेजारी भिंतीवर होता. वाफेने त्याची अक्षरे विरघळली. चिमणीने हौसेने नवा लिहिला, रंगीत पेन्सिलींनी, कडेला फुले काढून. जे आकडे वाचता येईनात ते तिने सरळ पाकिटांवरून घेतले. "भात, १०० ग्रॅम, कर्बोदके ७८." आईने तिचा पापा घेतला आणि तक्ता भिंतीवर लावला.

त्या दिवसापासून घराची घडी विस्कटली. बसताई अकरा वाजता माझ्यावर मोजून भात घेई, तक्ता बघून इंजेक्शन घेई, जेवे आणि साडेबाराच्या सुमारास खुर्चीला धरून उभी राही. मग साखरपाणी, वर बिस्किटे, तेव्हा कुठे तिला हुशारी वाटे. असे आठवड्यातून चारदा होऊ लागले. आगारातल्या साहेबांनी तिला चौकशीच्या खिडकीवर बसवले. तीन महिन्यांत रक्तातली साखर अशी पडायची थांबली नाही, तर स्टिअरिंग कायमचे सुटणार होते.

त्यात वजन वाढू लागले. महिन्याभरात दोन किलो! तिने भात ऐंशी ग्रॅमवरून साठवर आणला. तरी साखर पडतच होती, बिस्किटे चालूच होती आणि वजनही वाढतच होते.

बसताईच्या सासूबाई डब्याचे झाकण वाजवत म्हणाल्या, "चिमणीएवढं जेवायचं आणि हत्तीएवढं वाढायचं! कुणी चोरून खात असेल बाई, आपण कशाला बोला?"

"आई, चोरून नाही खात मी. सगळ्यांसमोर बिस्किटं खाते, ती हौस म्हणून नाही," बसताई म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर पडली. "हा काटाच खोटा आहे!"

तिने मला खालच्या कपाटात ढकलले. खोटा! मित्रांनो, त्या अंधारात आठ दिवस मी तो एकच शब्द ऐकत होतो. साठ ग्रॅमला मी साठच म्हटले होते. मग चुकले कुठे?

तपासणीच्या दिवशी मला पिशवीत घालून दवाखान्यात नेले. सोबत चिमणी, तक्ता आणि डब्यात भात. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सांगू नका, करून दाखवा. घरी करता तस्सं."

बसताईने माझ्यावर वाटी ठेवली, बटण दाबून शून्य केले, भात घातला. साठ. तिने तक्त्यावर बोट ठेवले. "म्हणजे सत्तेचाळीस ग्रॅम कार्ब्ज."

बाईंनी आपल्याकडचे पितळी वजन माझ्यावर ठेवून मला तपासले. "काटा खरा आहे." मग तक्ता जवळ ओढला. "हा आकडा कुठला?"

"पाकिटावरचा," चिमणी म्हणाली.

"पाकिटात काय असतं गं? भात की तांदूळ?"

"तांदूळ," चिमणी हळूच म्हणाली.

"कोरडा तांदूळ शिजताना पाणी पितो आणि जवळजवळ तिप्पट भरतो," बाई समजावून म्हणाल्या. "या साठ ग्रॅम भातात कार्ब्ज सतराच्या आसपास. इन्सुलिन घेतलं सत्तेचाळीसचं. मग साखर पडणारच. ती सावरायला बिस्किटं, आणि त्यांनी वजन. डोस आता डॉक्टर नव्याने ठरवतील."

"माझ्यामुळे आईची बस गेली," चिमणी मुसमुसत म्हणाली.

"वेडाबाई! तू एकदा लिहिलंस, मी रोज वाचत होते. एवढी मोठी मी, मला तरी कुठे सुचलं?" बसताईने तिला जवळ घेतले.

नवा तक्ता दोघींनी मिळून लिहिला. त्यात प्रत्येक ओळीत 'कच्चे' किंवा 'शिजलेले' असा शब्द होता. डॉक्टरांनी डोस बदलला. साखर सावरली, बिस्किटे डब्यात राहू लागली. वजन घाईने नाही, पण दीड किलो उतरले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी बस चालवायच्या परवानगीच्या कागदावर सही केली.

बस पुन्हा हाती यायची त्या दिवशी बसताई गणवेश चढवून आली, तर सासूबाई चष्मा लावून माझ्यावर वाकलेल्या.

"शंभर ग्रॅम भात सांगितलास ना? एकशे दोन दाखवतोय. काढू का थोडा?"

"राहू द्या, आई. दोन ग्रॅमनं बस उलटत नाही."

सासूबाई हसल्या. मग ताट पुढे सरकवत हळूच म्हणाल्या, "मी उगीच बोलले गं तुला. जेव सावकाश."

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, सेल संपले तर बदला, एवढीच माझी निगा. मी वजन खरे सांगतो. पण कशाचे, ते मला कळत नाही. ते तुम्हीच पाहायला हवे. आणि घरात कुणी साखरेशी, वजनाशी झगडत थकले असेल, तर "चोरून खातेस का?" असे विचारू नका. जवळ बसा आणि म्हणा, "चल, आपण मिळून मोजू या."