रंग न आलेली जागा

"काका, खिशातलं सगळं काढा. किल्ल्या, नाणी, सगळं. आतल्या मशीनचं चुंबक कुणाचं ऐकत नाही."

"बाई, आयुष्यभर कुलुपं दुरुस्त केली. माझ्या अंगात हाडांपेक्षा लोखंडच जास्त निघेल," म्हणत काकांनी खिसे उलटे केले.

काकू ट्रॉलीवर होत्या. पक्षाघात झाल्यापासून तीन वर्षं त्या बोलल्या नव्हत्या. डोळे उघडे, पण नजर कुणावर ठरत नसे. मेंदूची चित्रं काढणाऱ्या बाईंनी आणि आयाबाईंनी मिळून त्यांना मशीनच्या फळीवर घेतलं. सकाळपासूनच्या या अकराव्या पेशंट. बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वीही काकू इथे आल्या होत्या. तेव्हा त्यांना हेडफोनमधून काकांचा आवाज ऐकवला होता. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि त्याचाच रंग पडद्यावर उमटतो. काकूंच्या चित्रात तो उमटला नव्हता.

"आवाज नव्यानं रेकॉर्ड करू या का, काका?"

"जुनाच लावा. मी आता बोलत नाही तिच्याशी."

"का हो, भांडलात की काय?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, रंग आला नाही, त्यांना काही पोचत नसावं? मग म्हटलं, कशाला उगाच भिंतीशी बडबड? अंग पुसतो, कूस बदलतो. गपचूप."

बाईंना आठवलं. जेवायची वेळ टळून गेली होती, पुढचा पेशंट ताटकळला होता, आणि दारात उभ्या राहिलेल्या या माणसाला त्या चालता चालता बोलून गेल्या होत्या. देव जीभ देतो. लगाम मात्र ज्याचा त्यानं शोधायचा.

तासाभरानं मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावून आजची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिलं जुन्याच पद्धतीचं, त्यात याही वेळी रंग नव्हता. दुसरं नव्या पद्धतीचं होतं. पेशी ऑक्सिजन किती वापरतात, ते दाखवणारं.

"हे बघा. रक्त जास्त आलंच नाही. पण आवाज सुरू झाला की ऑक्सिजन जास्त खर्च होतोय."

"म्हणजे मागचं चित्र चुकीचं होतं?"

"चित्र नाही, आपलं वाचन. पाहुणे आले की एखाद्या घरी बाजारातून पिशव्या येतात, आणि एखादी बाई डब्यात आहे त्यातच भागवते. आपण पिशव्या मोजत बसलो. चूल पेटली की नाही, ते बघितलंच नाही. पण काकूंना समजतं, असं मात्र म्हणू नका हं. पेशी कामाला लागतात, एवढंच कळलंय. मी बोलू काकांशी?"

"नको. तेव्हा मीच बोलले होते."

बाजूच्या खोलीत काकूंच्या ट्रॉलीपाशी बाईंनी सगळं सांगितलं. "माझं चुकलं, काका."

काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे इतके दिवस हिला वाटलं असेल, मी घरातच नाही."

"पुढच्याला घेऊ का आत?" आयाबाईंनी दारातून विचारलं.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या.

काकांनी स्टूल ओढलं. "अगं," म्हणाले आणि अडले. मग काकूंच्या कानाशी वाकले.

"तुझी ताई गेली गं. मागच्या वर्षी. तुला सांगायचं राहिलं."

बाई बाहेर आल्या आणि दार ओढून घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.